कोण गेलं होतं बघायला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. रागात लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन आणि सौजन्य या दोन्हींकडे आज जरा कानाडोळा करावा ही विनंती.

बुधवारची गोष्ट. कँटीनमध्ये डबे उघडून बसलो होतो. कुणीतरी ग्रुपवर फिरत आलेली एक बातमी वाचून दाखवली. ‘पृथ्वीवर ४०० कोटी वर्षांपूर्वीच गोडं पाणी होतं, शास्त्रज्ञांना पुरावा सापडला.’ खाली निळ्याशार समुद्राचं चित्र. (गोड्या पाण्याच्या बातमीला समुद्राचं चित्र. असो.) त्यावर आमचे आर्किटेक्टसाहेब पोळीत भेंडी गुंडाळत म्हणाले, "च्यायला, ४०० कोटी वर्षं! कोण गेलं होतं बघायला?"

सगळे हसले. मीही हसलो. खरा राग त्याचाच आलाय.

कारण त्याच दिवशी दुपारी साडेतीनला आम्ही सगळे एका कॉलवर होतो. आदल्या रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एक सर्व्हिस आडवी झाली होती. टीममध्ये नवीनच आलेल्या एका मुलीने रात्री ११ वाजता एक छोटा बदल वर टाकला होता, त्यामुळे आरोपी ठरलेला होता, फक्त शिक्षा बाकी होती. तेव्हा हेच आर्किटेक्टसाहेब कडाडले, "मला कहाण्या नकोत, लॉग दाखवा!" वीस मिनिटांत लॉगमधून निघालं की दुसऱ्याच एका मशीनची डिस्क पावणेदोनच्या सुमाराला भरली होती, आणि त्या पोरीच्या बदलाचा काडीचा संबंध नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. साहेबांबद्दल आदर वाटला, खरंच वाटला. पण रात्री २ वाजून १७ मिनिटांनी तिथे तरी कोण गेलं होतं बघायला?

काल रात्रीचा पुरावा चालतो आणि ४०० कोटी वर्षांपूर्वीचा चालत नाही, यात तत्त्व काही नाही, नुसती सवय आहे. लॉग कसा वाचायचा ते आपल्याला येतं, दगड कसा वाचायचा ते येत नाही. येत नाही म्हणून तिथे काही लिहिलेलंच नाही, असं छातीठोक म्हणायचं आणि वर टाळी घ्यायची!

तर लिहिलंय काय आणि कशावर?

त्या वस्तूचं नाव झिरकॉन. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं खनिज. दुकानात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो हा नव्हे, ते कारखान्यात बनवलेलं झिर्कोनियम ऑक्साइड. खरा झिरकॉन ग्रॅनाइटसारख्या खडकात वाळूच्या बारीक कणाएवढा, बहुधा त्याहूनही लहान असतो. शिलारस थंड होताना तो तयार होतो, आणि एकदा तयार झाला की फारच चिवट. डोंगर झिजून वाळू होते, वाळूचा पुन्हा दगड होतो, तो दगड पुन्हा भाजून निघतो, आणि या सगळ्यात हा पठ्ठ्या बहुतेक वेळा टिकून राहतो. तुमच्या बाथरूमच्या टाइलवरचा पांढरा अपारदर्शक लेप आहे ना, त्यात पुष्कळदा झिरकॉनची पूड असते. म्हणजे रोज सकाळी आपण त्याच्याकडे बघत दात घासतो.

त्याच्याकडे दोन नोंदी असतात. पहिली वयाची. झिरकॉन तयार होताना थोडं युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ दारातच उभं करत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते मुख्यतः आतल्या युरेनियमचंच झालेलं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ निम्मं व्हायला ७० कोटी. एका कणात दोन वेगवेगळ्या गतीची घड्याळं! दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर ठीक, नसतील तर मध्ये काहीतरी गडबड झाली हे तो कण स्वतःच सांगतो. आमच्याकडे दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत तेव्हा कोण सांगतं? ग्राहक सांगतो, तेही शिव्या देऊन.

दुसरी नोंद ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे. दर दहा हजारांत साधारण वीस मात्र १८ वजनाचे असतात, आणि अगदी थोडे १७ चे. समुद्राच्या पाण्याचा एक प्रमाण नमुना ठरवलेला आहे. त्याच्या तुलनेत तुमच्या नमुन्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण हजारी किती जास्त किंवा कमी, तो आकडा म्हणजे डेल्टा-१८-ओ. इथून पुढे मी नुसता आकडा लिहीन, तो ‘हजारी’ समजून घ्या. समुद्र म्हणजे शून्य. पाऊस आणि बर्फ शून्याच्या खाली, कारण वाफ होताना हलके अणू आधी उडतात आणि पाऊस पडताना जड आधी खाली येतात.

आता गंमत बघा. पृथ्वीच्या पोटात, प्रावरणातून थेट आलेल्या शिलारसात झिरकॉन तयार झाला तर त्याचा आकडा ५.३ च्या आसपास येतो, इकडेतिकडे ०.३. जगात कुठलाही घ्या. पण तोच खडक आधी वर आला, त्यावर पाणी पडलं, थंड हवेत कुजून त्याची माती झाली, तर गोष्ट बदलते. कमी तापमानाला माती तयार होताना तिच्यातली खनिजं पाण्यातला जड ऑक्सिजन जास्त आवडीने धरून ठेवतात. तापमान वाढलं की ही आवड मावळत जाते. म्हणून गाळाचे आकडे चढतात, १० च्या पुढे, कधी २० च्याही पुढे. हा गाळ खोल गाडला गेला, वितळला आणि त्या रसात झिरकॉन जन्मला, तर त्याचा आकडा ५.३ राहत नाही. ६.५, ७, ८, पुढेही जातो. उलट, खडकात जर अतिशय गरम अवस्थेत पावसाचं किंवा समुद्राचं पाणी खेळलं, तर त्याचा आकडा खाली येतो, कारण तिथे ती आवड उरलेली नसते आणि पाण्याचा हलकेपणाच खडकात उतरतो.

"पण शिलारस थंड होता होता आकडा आपोआप चढत नाही कशावरून?" हा प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारून झालाय. रसाचा आकडा थोडा सरकतो, साधारण एखाद्या अंकाने. पण झिरकॉन आणि रस यांच्यातला फरकही त्याच वेळी वाढत जातो, त्यामुळे झिरकॉनचा आकडा जवळजवळ जागेवरच राहतो. म्हणजे ७.५ चा झिरकॉन बघून ‘थंड होता होता झालं असेल’ म्हणायला जागा नाही. कच्चा मालच वेगळा होता.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेतलं यलोस्टोन घ्या. तिथे गेल्या २१ लाख वर्षांत तीन महाप्रचंड उद्रेक झाले. प्रत्येक वेळी खालचा शिलारस बाहेर पडला आणि वरचं छत आत कोसळलं. आता छतातल्या त्या खडकांमधून हजारो वर्षं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी गरम होऊन फिरत होतं (आजही तिथली गरम पाण्याची कारंजी बघायला लोक विमानाने जातात, ती हीच भानगड), त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन हलका झालेला. छत कोसळलं, खाली गेलं, वितळलं. आणि त्यानंतरच्या काही लाव्हांत हलक्या आकड्याचा ऑक्सिजन सापडतो. बिंडेमन आणि व्हॅली यांनी त्यातले झिरकॉन तपासले तेव्हा एकाच खडकातल्या कणांचे आकडे वेगवेगळे निघाले, काही कणांचा गाभा एक सांगतो आणि कडा दुसरंच. म्हणजे ‘खालून नवीन रस आला’ ही सरळसोट कहाणी तिथे चालत नाही. स्वतःचंच छत खाऊन तो ज्वालामुखी पुन्हा उभा राहिला. हे बघायला कोण गेलं होतं? कोणी नाही. पण छताला लागलेलं बर्फाचं पाणी लपवता आलं नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात तज्ज्ञांचीच विकेट पडली. १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट या दोघांनी आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटची दोन घराणी पाडली. एक अग्निजन्य खडक वितळून झालेलं, दुसरं गाळाचे खडक वितळून झालेलं. सुटसुटीत विभागणी, जगभर शिकवली गेली. २००७ मध्ये केम्प आणि सहकाऱ्यांनी पहिल्या घराण्याच्या ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनचा ऑक्सिजन आणि हाफ्नियम एकाच वेळी मोजला, आणि त्या ‘शुद्ध अग्निजन्य’ मंडळींच्या पोटातही गाळ निघाला! प्रावरणातून आलेल्या रसाने वाटेत गाळ गिळला होता. अख्खा दगड कुटून मोजलात तर सरासरी मिळते आणि हा प्रवास दिसत नाही. झिरकॉनमध्ये मात्र आतून बाहेर, थरावर थर, तो लिहिलेला असतो. त्यासाठी सीझियमच्या आयनांचा झोत मारून कणावर १०-२० मायक्रॉनचा खड्डा पाडतात आणि त्यातून उडालेले ऑक्सिजनचे अणू मोजतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा.

आता मूळ भांडणाकडे येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, गोटे आणि वाळू घट्ट होऊन झालेला, पण त्यातले काही झिरकॉन त्याहून कितीतरी म्हातारे. जानेवारी २००१ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध लागोपाठ आले. वाइल्ड, व्हॅली, पेक आणि ग्रॅहम यांच्या कणाचं वय ४४० कोटी वर्षं, आणि त्याच्या काही भागात ऑक्सिजनचा आकडा ७.४ पर्यंत. मोझिस, हॅरिसन आणि पिजन यांच्याकडे सुमारे ४३० कोटी वर्षांचे कण, त्यांतही चढे आकडे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी! तोवर सगळे समजत होते की पहिली ५० कोटी वर्षं म्हणजे नुसता आगीचा खेळ. त्या काळाला १९७२ मध्ये प्रेस्टन क्लाउड यांनी नावही ग्रीकांच्या पाताळावरून दिलं, हेडियन. आणि हे कण म्हणतात की बाबांनो, आम्ही ज्या कच्च्या मालातून झालो त्याला आमच्या आधीच थंड, द्रव पाणी लागलं होतं.

इथपर्यंत वर्तमानपत्रं येतात आणि थांबतात. इथेच माझा दुसरा राग सुरू होतो. कारण यापुढची वीस वर्षं लोकांनी काय केलं? हा निष्कर्ष मोडायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. युरेनियमच्या किरणोत्साराने झिरकॉनची जाळी आतून मोडते, भेगा पडतात, मग नंतरचं पाणी आत शिरून ऑक्सिजन बदलू शकतं. २००६ मध्ये नेमचिन, पिजन आणि व्हाइटहाउस यांनी नेमका हाच मुद्दा काढला, की काही चढे आकडे मूळचे नसून नंतर बिघडलेले असू शकतात. यातलं पिजन हे नाव ओळखीचं वाटतंय ना? २००१ च्या निबंधातले तेच. स्वतःच्या नावावर असलेला जगप्रसिद्ध निकाल स्वतःच पुन्हा उकरायला बसले. आमच्याकडे कुणी आपल्याच कोडवर बग टाकला तर त्याला विचारतात, बरं वाटतंय ना?

मग चाचण्या कडक झाल्या. कणाचा आतला नमुना आधी बघून भेगा टाळा, कणात पाणी शिरल्याची खूण म्हणजे हायड्रोजन आहे का तेही मोजा, घड्याळं न जुळणारे कण बाजूला काढा. तरीही काही शंकेखोर म्हणाले, वयच चुकीचं असेल तर? कणातल्या कणात शिसं सरकून एका जागी साचलं, तर तिथे मोजणाऱ्याला खोटं मोठं वय मिळेल. यावर २०१४ मध्ये व्हॅली आणि सहकाऱ्यांनी एका कणातले शिशाचे अणू एकेक करून मोजले. शिसं सरकलेलं निघालं, खरंच! पण दहाएक नॅनोमीटरच्या पुंजक्यांत. मोजणीचा खड्डा त्याच्या हजारपट मोठा, म्हणजे वयाला धक्का नाही. ४३७ कोटी कायम. चढे आकडे गाळूनही ६ च्या वर, ७ च्या आसपास असे कण उरलेच.

मला विचाराल तर या सगळ्यात भारी गोष्ट ७.४ हा आकडा नाही, तो मोडायला बसलेली ही मंडळी आहेत. आणि बातमीत नेमकी तीच कापली जातात. उरतं काय? ‘शास्त्रज्ञांना पुरावा सापडला.’ मग कँटीनमधल्या माणसाने कोण गेलं होतं बघायला असं नाही विचारायचं तर काय करायचं? त्याच्या हातात लॉग दिलाच नाहीये, नुसती कहाणी दिलीय. वर निळा समुद्र. ७.४ मधून समुद्र किती खोल, किती रुंद, किती वर्षं टिकला, यातलं काहीही निघत नाही. वितळलेल्या मालाला वितळण्याआधी कमी तापमानाचं पाणी लागलं होतं, एवढंच निघतं. एवढंच पुरेसं थरारक आहे हो! त्याला मसाला कशाला?

त्या कँटीनमधल्या बातमीचंही तेच. ती २०२४ च्या निबंधाची, गमालेल्दिएन आणि सहकाऱ्यांच्या. जॅक हिल्सचेच झिरकॉन, पण या वेळी आकडे चढे नाहीत, उतरे. सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीच्या कणांत २.० पर्यंत, ३४० कोटींच्या कणांत उणे ०.१ पर्यंत. त्यांचं म्हणणं, नुसत्या समुद्राच्या पाण्याने एवढं खाली येणं अवघड आहे. त्याहून हलकं, म्हणजे पावसाचं पाणी लागलं असणार, आणि पावसाचं पाणी साचायचं तर समुद्राच्या वर डोकं काढलेली जमीन हवी. बघा, यातली प्रत्येक पायरी तपासता येते, आणि म्हणूनच प्रत्येक पायरीवर भांडताही येतं. बातमीत पायऱ्या काढून टाकल्या आणि गच्ची तेवढी ठेवली.

मराठी वाचकांना यात काय, असं कुणी म्हणेल. आपल्या पायाखालचा दख्खनचा बसाल्ट झिरकॉनच्या बाबतीत कंजूष आहे, साध्या बसाल्टमध्ये तो सहसा बनतच नाही. तरीही शोएन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या लाल मातीच्या पट्ट्यांतून झिरकॉन वेचले (घाट चढताना दिसतात ना, त्याच पट्ट्या) आणि २०१५ मध्ये दख्खनच्या उद्रेकांच्या तारखा बारकाईने लावल्या. मी त्या पट्ट्यांसमोर किती वेळा फोटो काढून घेतलेत, एकदाही वाकून बघितलं नाही. आणि ओडिशातल्या चंपुआजवळच्या खडकात ४२४ कोटी आणि ४०३ कोटी वर्षांचे दोन झिरकॉन सापडल्याचं २०१८ मध्ये छापून आलं. ते काम वयाचं आणि हाफ्नियमचं, ऑक्सिजनचं नव्हे. पण लगेच ‘आपला खडक जगात सगळ्यात जुना’ म्हणणारे मला दोन तरी भेटले. खडक नाही रे बाबांनो, खडकाने वाटेत उचललेले कण! ‘कोण गेलं होतं’ म्हणून हसणारा आणि ‘आपलाच सगळ्यात जुना’ म्हणून छाती फुगवणारा, दोघांनीही लॉग उघडलेला नाही.

तर शुक्रवारी मी आर्किटेक्टसाहेबांना गाठलं. डबा घेऊन शेजारी बसलो आणि वरचं सगळं, शिव्या वगळून, ऐकवलं. कागदी रुमालावर ५.३ ची रेघ मारली, वर माती, खाली पाऊस. गडी शांतपणे ऐकत होता. मला वाटलं जिंकलो. मग म्हणाला, "थांब. पावसाचं पाणी म्हणतायत कारण समुद्र शून्य धरलाय. पण ४०० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रही शून्यच होता हे कशावरून? तोच मुळात हलका असेल तर?"

आता हा प्रश्न त्या क्षेत्रातले लोक खरोखर भांडतात तोच आहे. जुन्या समुद्राचा आकडा काय होता यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. रुमालावरची शून्याची रेघ त्याने माझ्याच पेनाने खोडली, उणे दोनवर नवी मारली, आणि म्हणाला, "हं, आता सांग." सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतलीय. बोलण्याच्या नादात माझ्या डब्यातली बटाट्याची भाजीही त्यानेच संपवली.